योग्य त्या कारवाईसाठी

४ मार्च

दादा,

नमस्कार, खुशाली, सगळं झालं असं धरून चल. गुडघ्याची हकीकत तुझ्या लेकीने कळवली आहे, त्यामुळे तीही विचारत नाही. माझा फोन सारखा बंद असतो म्हणून तू तिच्यापाशी कुरकुरलास म्हणे. बंद नाही रे, मेलाय. मागच्या महिन्यात ट्रक मागे घेताना त्या लोकांनी खांबावरची तार तोडली. तिची तक्रार वेगळ्या खात्यात केली आहे आणि त्या खात्याने माझ्याशी अबोला धरलाय.

कुठले ट्रक, ते सांगायलाच हवं. माझ्या शिलाई मशीनच्या खिडकीमागची मोकळी जागा आठवते ना, जिथे तू सायकल शिकलास आणि शिकता शिकता मला खड्ड्यात घातलंस? तिथे गेले काही महिने कोणीतरी कचरा आणून ओततंय. घरोघरचा कचरा असता तर मी नाक मुरडून गप्प बसले असते. हा कुठल्यातरी कारखान्याचा आहे. निळी पिंपं, त्यांच्यावरचे कागद खरवडून काढलेले. गोणी, त्यांच्या शिवणीतून राखाडी चिखल गळतो. उजाडता उजाडता ट्रक येतो, मागचं फळकूट पडल्याचा आवाज होतो आणि मी चहा टाकेपर्यंत सगळे पसार झालेले असतात.

वास कसला ते मला सांगता येत नाही. घाणीचा नाही. गोडसर आहे, आणि थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागतात. परवा एका गिऱ्हाइकाने अस्तर बदलून दिलेला कोट नाकाशी नेला आणि न बोलता पिशवीत कोंबला. ते गिऱ्हाईक परत यायचं नाही. खिडकी लावली तर सुईत दोरा ओवायला उजेड नाही, उघडली तर श्वास नाही. दादा, एकसष्टाव्या वर्षी मी दुसरं घर कुठे शोधू? आणि शोधू का म्हणून? माझी सगळी हयात त्या खिडकीच्या उजेडात गेली.

पालिकेला तीनदा लिहिलं. पहिलं उत्तर आलं: ‘स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी कचरा आढळून आला नाही.’ दुसरं आलं: ‘सदर ठिकाण पालिकेच्या हद्दीत येत नाही.’ तिसऱ्यात ती जागा पुन्हा हद्दीत आली आणि तिथली नियमित झाडलोट होत असल्याचं कळलं. पाहणी करायला आलेला माणूस मात्र गल्लीत कोणाच्याच दृष्टीस पडलेला नाही.

या सगळ्यात करमणूक एवढीच, की शेजारच्या मास्तरीणबाई ती उत्तरं तपासतात. तुझ्या वेळी ते घर रिकामं असायचं, आता त्या राहतात. एकट्याच, सत्तरी उलटलेल्या, जन्मभर व्याकरण शिकवलेलं. संध्याकाळी चहाला येतात आणि लाल शाईचं पेन घेऊनच बसतात. तिसऱ्या पत्राला त्यांनी दहापैकी चार दिले. शेरा लिहिला: ‘कर्ता कुठे आहे? झाडलोट कोण करतं?’

तू पालिकेच्या आवक विभागात केस पांढरे केलेस. अशा अर्जांना हलवायचं कसं, ते तुला ठाऊक असणार. सांग.

तुझी
बबी

९ मार्च

बबे,

खड्ड्यात मी घातलं नव्हतं, तू स्वतःहून पडली होतीस. हा खुलासा फायलीला लावून घे.

तुझे तिन्ही अर्ज वाया गेले, कारण तू खरं लिहिलंस. रागावू नकोस, पुढे वाच. आवक टेबलावर अर्ज आला की आम्ही त्यातला एकच शब्द बघायचो, बाकीचा निबंध कोणी वाचत नाही. ‘कचरा’ दिसला की तो कचऱ्याच्या ढिगात. त्याच्या दोन प्रती निघतात, एक फायलीला आणि एक सफाईच्या ठेकेदाराला, ‘योग्य त्या कारवाईसाठी’ असा शिक्का मारून. ठेकेदाराला सवड झाली की तो दोन ओळी लिहून पाठवतो आणि त्यावर साहेबांची सही होऊन तुझ्या घरी येते. तुझ्या मास्तरीणबाईंना सांग, कर्ता तो.

आता गंमत ऐक. ‘मृत जनावर’ हा शब्द दिसला की पालिका धावत सुटते. फार पूर्वी कधीतरी साथ आली होती, तेव्हाचा नियम आहे. त्याच दिवशी गाडी निघालीच पाहिजे, नाहीतर वरून विचारणा होते. ती गाडी पालिकेची स्वतःची, ठेकेदाराची नव्हे. तेव्हा तू लिही की मागच्या जागेत कुत्रा मरून पडलाय. नुसतं ‘कुत्रा’ लिहू नकोस, बारकावे घाल. रंग घाल, जागा घाल, एखादी खूण घाल. बारकावे असले की टेबलावरच्या माणसाला खोटं वाटत नाही. गाडी आली की माणसांना कुत्र्याऐवजी तुझी पिंपं दाखव. त्यांना अहवालात लिहावंच लागेल.

खोटं बोलायचं कसं म्हणून तुझं तोंड वाकडं झालं असेल. याला खोटं म्हणत नाहीत, अर्जाची भाषा म्हणतात. माझी सगळी नोकरी या भाषेत गेली आणि माझं काही वाईट झालं नाही. गुडघे सोडून.

दादा

१५ मार्च

दादा,

तुझं डोकं अजून शाबूत आहे. मी लिहिलं: तांबूस कुत्रा, पुढचा एक पाय पांढरा, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी, तोंड भिंतीकडे. सकाळी अर्ज नेऊन दिला आणि दुपारी गाडी दारात. इतक्या वर्षांत पालिकेचं कोणी माझ्या दारात इतक्या तातडीने आलेलं नाही.

दोघं होते. खांबाभोवती फिरले, काठीने गवत चाळवलं. मी म्हटलं, कुत्रा कोणी ओढून नेला असेल, आलाच आहात तर हे बघा. पिंपं दाखवली. त्यातल्या एकाचं झाकण फुगून वर आलंय. ड्रायव्हर चार पावलं पुढे गेला आणि तोंडाला रुमाल लावून मागे आला. म्हणाला, “बाई, आम्ही जनावरांचे. हे आमच्यात येत नाही.” मी म्हटलं, “निदान लिहा तरी.” तर म्हणाला, “आमच्या कागदावर तसा रकानाच नाही.” दुसरा जाता जाता हळूच बोलला, “खिडकी लावून घेत जा.”

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: ‘मृत जनावर आढळून आले नाही. तक्रारीत तथ्य नाही.’ मास्तरीणबाईंनी सात गुण दिले. म्हणाल्या, वाक्य छोटं आहे आणि या खेपेस खरंही आहे. मी काय केलं ते त्यांना सांगितलं, तर इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “बाई, जे नाही ते लिहू नये. लिहिलं की ते होऊन बसतं.” त्या व्याकरणाबद्दल बोलत होत्या की कशाबद्दल, ते मला कळलं नाही.

आणखी एक. काल एक माणूस पँटची उंची कमी करायला घेऊन आला. काळा गॉगल, घरात आला तरी काढला नाही. ट्रकच्या पायरीवर उभा राहून हात करणारा तो हाच, मी खिडकीतून त्याला कितीदा पाहिलंय. माप घेताना सहज बोलावं तसं म्हणाला, “मग, तो पांढऱ्या पायाचा सापडला का?”

मी गुडघ्यावर बसले होते, तोंडात टाचण्या होत्या. नुसती मान हलवली. त्याला कसं कळलं रे?

बबी

१८ मार्च

बबे,

कसं कळणार? ड्रायव्हरने सांगितलं. ही सगळी माणसं एकाच टपरीवर चहा पितात. पांढऱ्या पायाच्या कुत्र्याचा किस्सा तिथे आठवडाभर चालला असेल. तू उगाच भीतीला पाट मांडून देऊ नकोस. त्याची पँट नीट शिवून दे, हसून बोल, विषय संपला.

पहिल्या अर्जाने पेटी उघडत नाही. दुसरा टाक. आता दोन मांजरं लिही, म्हणजे ‘प्रादुर्भाव’ हा शब्द वापरता येईल. तो भारी शब्द आहे, त्याला डॉक्टर पाठवावा लागतो. बारकाव्यांची कंजुषी करू नकोस.

मी इथे रिकामा बसून असतो. लेक कामाला जाते, जावई कामाला जातो, मी आणि टीव्ही एकमेकांकडे बघत राहतो. तुझं पत्र आलं की मला वाटतं, अजून आपली कोणाला तरी गरज आहे. तेव्हा ही लढाई मध्येच सोडू नकोस. तू खिडकी लावून काळोखात शिवत बसलीस हे मला इथे बसून सहन होत नाही.

दादा

२४ मार्च

दादा,

हे पत्र नीट बसून वाच, आणि हसू नकोस.

मागचं पत्र टाकून मी घरी आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी विजेच्या खांबाच्या बुंध्याशी कुत्रा पडलेला होता. तांबूस. पुढचा एक पाय पांढरा. तोंड भिंतीकडे.

मी म्हटलं, योगायोग. तांबूस कुत्रे काय कमी असतात? म्हणून तुला तेव्हा कळवलं नाही. पण दादा, पायाचा पांढरा रंग मी तुझ्या सांगण्यावरून मनाने घातला होता. तसा कुत्रा आमच्या भागात नाहीच. मी जवळ जाऊन पाहिलं. पाय चुन्यात बुडवलेला होता.

मी धावत पालिकेत गेले. आवक टेबलावरच्या मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, “या कुत्र्याची तक्रार निकाली निघालेली आहे. एका कुत्र्याची दोनदा घेता येत नाही.” शेवटी मास्तरीणबाईंनी आणि मी खड्डा खणून त्याला पुरलं. त्यांना नको म्हटलं, पण त्या ऐकेनात. चुन्याबद्दल मी त्यांना बोलले नाही. त्यांनी पाहिलं असणार.

मग तुझं मांजरांचं पत्र आलं. वेडेपणा असेल, पण मला खात्री करून घ्यायची होती. मी अर्ज दिला: दोन मांजरं, एक काळं, एक करडं, करड्याची शेपूट अर्धी तुटलेली, माझ्या मागच्या पायरीवर. या खेपेस जागा मुद्दाम माझ्या घरातली लिहिली. मला वाटलं, तिथे तर कोणी यायचं नाही.

आज सकाळी दार उघडलं. तू ओळखलं असशील. करड्याची शेपूट नुकतीच कापलेली होती, पायरीवर रक्त होतं.

जनावरांच्या गाडीच्या ड्रायव्हरला शेपटीचं ठाऊक असायचं कारण नाही, कारण या वेळी गाडी आलीच नाही. अर्ज मी बंद पाकिटात दिला होता. दादा, माझे अर्ज कोणीतरी नीट वाचतंय. तू म्हणायचास ना, कोणी वाचत नाही म्हणून.

मला भीती वाटते. एवढी भीती आईबाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती. आता मी एक अक्षर लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस.

बबी

२४ मार्च

बबे,

तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो नाही. आज एक डाव टाकलाय आणि तो इतका जमलाय की तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

काल रात्रभर विचार केला. जनावरांवर पालिका धावते, पण खालच्या पायरीवरची पालिका. थेट मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर काय जातं? माणूस. माणूस दगावला असं लिहिलं की तो अर्ज खाली कोणाला दाबून ठेवता येत नाही. तेव्हा मी स्वतःच्या नावाने अर्ज केला. इथला पत्ता घातला असता तर ‘हद्दीबाहेरील’ म्हणून परत आला असता, म्हणून पत्ता तुझ्या घराचा दिला. भाषा बघ: ‘माझ्या शेजारी एकटी राहणारी एक वृद्ध महिला सदर कचऱ्यातील पिंपातून निघणाऱ्या उग्र वाफांनी झोपेतच गुदमरून मरण पावली असून, खिडकीखाली सांडलेले पिंप अद्याप उचललेले नाही.’

वृद्ध म्हटलं म्हणून फुरंगटू नकोस. अर्जात तरुण बाई मेली तर पोलीस येतात. आठवडाभर कागदावर मेलीस तर काही बिघडत नाही, उलट मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. मुख्याधिकारी स्वतः धावत येतील, बघतील तर तू चहा पीत बसलेली, आणि पिंपं त्यांच्या नाकासमोर. मग बोलू देत काय बोलतात ते.

अर्ज टपालात पडला. फार वर्षांनी मजा आली.

दादा

२७ मार्च

बबे,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. माझं तुला मिळालं असेल.

हसलो नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. बबे, त्या घरातून निघ. मशीन राहू दे, गिऱ्हाइकांचे कपडे राहू देत, दाराला कुलूप लाव आणि मावसबहिणीकडे जा. हे पत्र वाचून झाल्यावर आवराआवर करत बसू नकोस.

कोण वाचतं ते मला आता कळतंय. ठेकेदाराला जाणारी प्रत. कचऱ्याची असो, जनावराची असो, माणसाची असो, प्रत त्याच्याकडे जातेच. सफाईशी संबंधित कुठलाही कागद त्याच्याकडे जातो, शिक्का मारून. हे मी कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने केलं आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. गावातला कचरा उचलणारा तो, आणि कारखान्यांकडून कचरा घेऊन तुझ्या खिडकीमागे ओतणाराही तोच असणार. तू त्याच्याविरुद्धची प्रत्येक तक्रार त्यालाच पाठवत होतीस. आणि तो कारवाई करत होता.

मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर जाणाऱ्या अर्जाचीही प्रत निघते. त्या दिवशी मजेच्या भरात मला ते सुचलं नाही. मी काय लिहून बसलोय ते तुला ठाऊक आहे. लगेच पालिकेला दुसरं पत्र टाकलं, आधीचा अर्ज मागे घेतो म्हणून. पण मागे घेण्याचं पत्र आधीच्या अर्जाला जोडायला किती दिवस लागतात, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मला रागाव, काय वाटेल ते बोल. आधी निघ.

दादा

३० मार्च

दादा,

मी निघाले. काल सकाळी तुझं पत्र आलं आणि दुपारच्या बसने इथे मावसबहिणीकडे पोचले. तेव्हा शांत हो, गोळी घे आणि झोप. तू पाठवलेल्या त्या मरणाचं वाचून आधी संताप आला, मग वाटलं, याने हे केलं ते माझ्याचसाठी. ठेकेदाराला हवी ती वृद्ध महिला आता त्याला सापडायची नाही.

निघताना मास्तरीणबाईंना सगळं सांगायला वेळ नव्हता. नुसतं म्हटलं, चार दिवस जाऊन येते. त्यांनी विचारलं, “घाबरून चाललात का?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “जा. तुमच्या घरावर माझं लक्ष आहे. पालिकेचं पत्र आलं तर तपासून ठेवते.” त्यांनाही चला म्हटलं होतं. म्हणाल्या, “मला कोण काय करणार? मी कुठे अर्ज केलाय?” ते मला पटलं. अर्ज सगळे माझे आणि तुझे.

कुलूप लावत होते तेवढ्यात गॉगलवाला पँट न्यायला आला. मी घाईने गुंडाळून दिली. तो दारातच रेंगाळला, बाजूच्या घराकडे बघत म्हणाला, “इथे शेजारी राहतात त्या बाई कशा आहेत? एकट्याच असतात का?” मी म्हटलं, “बऱ्या आहेत.” चौकशी करतोय तर करू दे, तेवढाच माणुसकीचा अंश, असं त्या क्षणी वाटलं बघ. सुटकेच्या घाईत माणसाला काय काय चांगलं दिसायला लागतं.

इथे खिडकीतून नुसती हवा येते. काल रात्री किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

बबी

२ एप्रिल

बबे,

मावसबहिणीकडे फोन नाही, म्हणून हे पत्र जावयाच्या हाती देतोय. तो आत्ताच्या गाडीने निघतोय, टपालावर माझा भरवसा उरलेला नाही.

तुझ्या पत्रातलं गॉगलवाल्याचं वाक्य वाचलं आणि मी अर्जाची नक्कल काढून पुन्हा बघितली. अर्जदार मी. पत्ता तुझ्या घराचा. त्याखाली लिहिलंय, ‘माझ्या शेजारी एकटी राहणारी वृद्ध महिला’. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस. पण कागदावर मी तुझ्या घरात राहतो, बबे. तुझ्या घराच्या शेजारी कोण राहतं?

माझ्या डोक्यात ते घर अजून रिकामंच आहे. तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस आणि मी लक्षात ठेवलं नाही.

जावयाबरोबर लगेच जा आणि बाईंना घेऊन ये. त्या नाही म्हणाल्या तर उचलून आण. त्यांना माझ्याकडे आणा, दोघी इथे या, जागा आहे.

दादा

६ एप्रिल

दादा,

जावई पोचले, त्यांनी पत्र दिलं. आम्ही तसेच निघालो. पण मास्तरीणबाई त्याआधीच गेल्या होत्या, एकतीस तारखेला. एक तारखेला सकाळी दूध ठेवायला आलेल्या माणसाने आदल्या दिवशीची पिशवी तशीच पाहिली आणि खिडकीतून हाक मारली. त्या अंथरुणात होत्या. खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली एक निळं पिंप आडवं पडून सांडलेलं होतं. त्यांच्या बाजूला तोपर्यंत एकही पिंप नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, वाफांनी गुदमरून, झोपेत.

भाचा की कोणी लांबचा नातेवाईक येऊन सगळं उरकून गेला. मी त्यांना शेवटचं पाहिलंही नाही. त्यांच्या टेबलावर लाल पेन आणि पुस्तकं होती, ती तो पोत्यात भरून घेऊन गेला. घराला टाळं आहे.

तुला दोष देऊ का? दिला. परवा दिवसभर देत होते, मोठमोठ्याने, जावयांसमोर. मग आठवलं की त्या “बऱ्या आहेत” असं त्या माणसाला सांगणारी मी होते आणि एकट्याच असतात का, यावर गप्प राहणारीही मीच. तेव्हा आपण दोघं सारखेच. तू रडतोस असं लेकीने जावयांना कळवलं. रडत असशील तर रड, मी थांब म्हणणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मागची जागा साफ झाली आहे. पूर्ण. एक पिंप नाही, एक गोणी नाही, जमीन खरवडून वर पांढरी पावडर टाकली आहे, पालिकेची पाटी लावली आहे. मशीनच्या खिडकीतून आता पलीकडचा रस्ता दिसतो. गल्लीतले लोक येऊन मला म्हणतात, तुमच्या पाठपुराव्याला यश आलं हो. एकाने हात जोडले.

तुझ्या नावाचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं आहे. जसंच्या तसं उतरवते: ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने दि. २९ मार्च रोजी स्थळपाहणी केली असता आपल्या शेजारी एकटी राहणारी वृद्ध महिला मरण पावल्याचे व खिडकीखाली पिंप सांडल्याचे आढळून आले. तक्रारीत तथ्य आहे. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ खाली साहेबांची सही, जावक शिक्का तीस मार्चचा.

तारखा पुन्हा वाच. एकोणतीसला दुपारी मी बस पकडली तेव्हा बाई दारात उभ्या राहून मला हात करत होत्या. तीसला त्यांनी दूध घेतलं, दूधवाल्याशी बोलल्या. हे पत्र त्या जिवंत असताना टाईप झालं आणि त्यावर सही झाली.

मी आज मशीनपाशी बसले आहे. खिडकी उघडी आहे, भरपूर उजेड आहे आणि कसलाही वास येत नाही. समोर कोरा कागद ठेवलाय. तू आयुष्यभर अर्ज घेतलेस, दादा. तूच सांग, हा मी कोणाच्या नावाने लिहू? आणि लिहिला, तर त्यात काय लिहू?

बबी